मागे ट्रेलर जोडण्याआधी: लायसन्स, आरसी आणि वजनकाटा

गेल्या हिवाळ्यात नेरूळहून भाच्याचा फोन आला. "मामा, कॅराव्हॅन ट्रेलर घेतोय. साडेपाच मीटर लांब, आत चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, सिंक, सगळं. माझ्याकडे साधं फोर-व्हीलरचं लायसन्स आहे. एवढं धूड ओढायचं तर हेवी काढावं लागेल ना?"

मी ठाण्यात राहतो आणि नोकरीची बरीच वर्षं मोटार विम्याच्या क्लेमचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे नात्यात कोणाच्या गाडीचं काहीही निघालं की फोन माझ्याकडे येतो. त्याला म्हटलं, "लायसन्सपुरतं बोलायचं तर तुला नवीन काही काढायचं नाही. पण तुझ्या यादीत लायसन्स हाच सगळ्यात सोपा कागद आहे." पहिलं वाक्य ऐकून गडी खूश झाला, दुसरं त्याने ऐकलंच नाही. पुढचे दोन महिने आम्ही ते दुसरं वाक्य निस्तरत होतो.

आम्ही कामं उलट्या क्रमाने केली: आधी ट्रेलर ठरवला, मग कागद शोधले. खाली लिहिलेला क्रम सरळ आहे. मुलाबाळांकडे अमेरिका-कॅनडाला जाऊन तिथे ट्रेलर भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर शेवटचे दोन भाग आधी वाचा. तिथे उत्तर बरोबर उलटं होतं.

लायसन्सवर काय लिहिलंय, ते नीट वाचा

कार्ड हातात घ्या आणि वाहनप्रकाराच्या रकान्यात एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, आहे का पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १० मध्ये लायसन्सचे प्रकार दिलेत: विनागियर मोटारसायकल, गियरची मोटारसायकल, दिव्यांगांसाठी बदल केलेलं वाहन, हलकं मोटार वाहन, ट्रान्सपोर्ट वाहन, रोड रोलर आणि विशिष्ट वर्णनाचं वाहन. खासगी गाडीमागे खासगी ट्रेलर ओढणाऱ्यासाठी या यादीत वेगळा प्रकार नाही. युरोपात जशी गाडीच्या वर्गाला ट्रेलरची जोड मिळते, तशी आपल्याकडे नाही. ड्रायव्हिंग टेस्टलाही मागे ट्रेलर लावून कोणी आठचा आकडा काढायला सांगत नाही. मला विचाराल तर सांगायला हवं, पण तो मुद्दा वेगळा.

एलएमव्ही असलं तरी मुदत पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी लायसन्सचा हिशोब असा आहे: तिशीच्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मध्ये काढलं किंवा नूतनीकरण केलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये केलं तर साठीपर्यंत, आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी. मुदत संपल्यावर ३० दिवस चालून जायचं, ती जुनी सवलत त्याच दुरुस्तीत गेली. क्लेमच्या फाइलीत मी हे वारंवार पाहिलंय. माणूस वीस वर्षं बिनचूक गाडी चालवतो आणि अपघात नेमका लायसन्स संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात होतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून करता येतो. संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

जुनं पुस्तकाच्या आकाराचं लायसन्स असेल तर आणखी एक काम. ते सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर दिसतं का पाहा. दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसन्सची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही. कोणत्या आरटीओत जायचं यात नवी मुंबईकर हमखास चुकतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली म्हणजे एमएच-४३. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात, म्हणून एमएच-४६. ठाणे शहर एमएच-०४ आणि कल्याण-डोंबिवली एमएच-०५.

लायसन्सच नसेल तर वाट नेहमीचीच. वय १८ पूर्ण, सारथीवर अर्ज, लर्निंग. लर्निंगची मुदत ६ महिने, आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. सरकारी फी लर्निंगला १५० रुपये अधिक परीक्षेचे ५०, टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो. लर्निंगवर ट्रेलर ओढायचा विचार मनातही आणू नका, आणि पक्कं हातात आल्यावरही पहिलं वर्ष नुसती गाडी चालवा.

साडेसात हजार किलोंचं गणित

आता भाच्याच्या हेवीच्या भीतीकडे येऊ. कायद्याच्या कलम २(२१) प्रमाणे हलकं मोटार वाहन म्हणजे ७,५०० किलोंपर्यंतचं. खासगी मोटारगाडी असेल तर रिकामं वजन धरतात, ट्रान्सपोर्ट वाहन असेल तर मालासकट एकूण वजन. बाजारातली कुठलीही मोठी एसयूव्ही या रेषेच्या जवळपासही जात नाही.

ट्रेलर लावल्याने लायसन्स कुचकामी होतं का, हा वाद न्यायालयात ट्रॅक्टरच्या निमित्ताने गेला होता. २००१ च्या नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला आणि त्यातून माल नेला, एवढ्यावरून ट्रॅक्टरचं लायसन्स निष्प्रभ होत नाही. दुसरा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ चा, रंभादेवी खटल्यातला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोंच्या आतलं ट्रान्सपोर्ट वाहनही चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. पिवळ्या पाटीच्या पिकअपने ट्रेलर ओढणाऱ्यांना या निकालाचा थेट उपयोग आहे.

तरी माझा सल्ला विमावाल्याचा आहे. गाडीचं मालासकट वजन आणि ट्रेलरचं मालासकट वजन, दोन्ही आरसीवरून घेऊन बेरीज करा. ती ७,५०० च्या बऱ्यापैकी आत राहिली की समोरच्याला वाद घालायला जागा उरत नाही. भाच्याची बेरीज ३,७०० च्या आसपास आली. हेवीचा विषय तिथे संपला.

एक अट मात्र आहे: वापर स्वतःचा असावा. ट्रेलर पर्यटकांना भाड्याने द्यायचा असेल तर तो खासगी राहत नाही, परमिट आणि फिटनेसची पूर्ण साखळी मागे लागते. "अधूनमधून मित्रांना देऊ, पेट्रोलचे घेऊ" हा प्रकार क्लेमच्या वेळी फार महागात पडतो.

ट्रेलर म्हणजे स्वतंत्र वाहन

माझं दुसरं वाक्य होतं ते हेच. कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो. इंजिन नसलं तरी. म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर, स्वतःची आरसी. कलम ६१ सांगतं की नोंदणीचं प्रकरण ट्रेलरलाही इतर वाहनांसारखंच लागू आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मी रस्त्यावर फार कमी वेळा पाळलेली पाहतो: ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, कारण गाडीची स्वतःची पाटी ट्रेलरमुळे झाकली जाते.

म्हणून पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. "याची नोंदणी कोणत्या वर्गात झाली आहे किंवा होणार आहे?" असं विचारा. नोंदणीच्या 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत 'कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर, खासगी वापर' असा वर्ग आहे, 'वैयक्तिक वापराचा ट्रेलर' हाही आहे. उत्तर म्हणून हे नाव यायला हवं. "साहेब, ट्रेलरला कुठे पासिंग लागतं, कोणी विचारत नाही" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघून या. आम्हाला पहिल्या ठिकाणी हेच उत्तर मिळालं. फॅब्रिकेशन छान होतं, आतला प्लायवूड उत्तम होता आणि कागद म्हणून हाताने लिहिलेली पावती. असा ट्रेलर घेऊन आरटीओत गेलात की चासी नंबर कुठे, बनवणाऱ्याची मान्यता कुठे, इथूनच सुरुवात होते आणि तिथेच शेवट.

कागद असे लागतात: नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, विक्रीचा दाखला फॉर्म २१, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र फॉर्म २२, बॉडी वेगळ्याने बांधली असेल तर फॉर्म २२-ए, विम्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. रुंदीला २.६ मीटरची मर्यादा आहे, पण खरं सांगायचं तर त्याच्या कितीतरी आधी तुमच्या सोसायटीचं गेट आडवं येतं. भाच्याने गेट मोजलं, रस्ता मोजला आणि पार्किंगची जागा मोजायची विसरला. सोसायटीच्या सभेत त्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ट्रेलर सध्या तळोज्याला एका मित्राच्या गोदामात उभा असतो.

गाडी ओढू शकते का, हे गाडीच्या पुस्तकात पाहा

लायसन्स तुम्हाला ओढायची परवानगी देतं, गाडीला ताकद देत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंग क्षमता लिहिलेली असते: ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आकडा, बिनब्रेकच्यासाठी दुसरा, बराच कमी. काही गाड्यांच्या भारतातल्या मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय की ट्रेलर ओढू नका. परदेशातल्या त्याच मॉडेलचा आकडा यूट्यूबवर पाहून इथे लावू नका. गियरबॉक्स, कूलिंग आणि मागचं सस्पेन्शन वेगळं असू शकतं.

हुक बसवणं हाही गाडीतला बदल आहे. कलम ५२ प्रमाणे बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी कडक शब्दांत सांगितलं. त्यामुळे कंपनीचा किंवा कंपनीने मान्य केलेला टो-बार, चासीला बोल्टने बसवलेला, आणि त्याचं पक्कं बिल. बंपरला वेल्डिंग केलेला हुक ही शोभेची वस्तू आहे. त्यावर सायकल टांगा फार तर.

लाइटची वायरिंग मी हौसेने एका गॅरेजवाल्याकडून करून घेतली. संध्याकाळी गायमुखजवळ मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. मी डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचा उजवा लागत होता. सात पिनांच्या प्लगमधल्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. तेव्हापासून नियम केला: निघण्याआधी एक माणूस मागे उभा राहील आणि ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, टेल लॅम्प, रिव्हर्स असं एकेक मोठ्याने ओरडून सांगेल.

विमा: दोन पॉलिसी, एक नोंद

कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा हवाच, आणि ट्रेलर वाहन आहे हे वर पाहिलंच. त्याशिवाय ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीवर ट्रेलरची नोंद करून घ्या. खासगी गाड्यांसाठी ती आयएमटी ३० या क्रमांकाने ओळखली जाते. एजंटला नुसतं "ट्रेलर कव्हर करा" म्हटलं तर तो हो म्हणतो आणि विसरतो. आयएमटी ३० म्हणा, आणि पॉलिसीच्या कागदावर तो आकडा छापलेला दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

गाडी दुसऱ्याच्या हातात देणार असाल तर त्याचं लायसन्स स्वतः पाहा. लायसन्स नसताना चालवल्यास कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० आहेच. विम्याच्या पैशांचं जे होतं ते याच्या पुढचं.

वजनकाट्यावर जा

ट्रेलर पूर्ण भरा, अगदी निघायच्या दिवशी भरता तसा. पाण्याची टाकी, गाद्या, खुर्च्या, धान्य, सगळं. मग वजनकाट्यावर न्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा तुर्भ्याच्या बाजूला काटे सापडतात, थोडे पैसे घेऊन छापील पावती देतात. ट्रेलर सोडवून एकट्याचं वजन करा, मग जोडून दोघांचं. भाच्याचा ट्रेलर ब्रोशरप्रमाणे रिकामा ९८० किलो होता. भरल्यावर १,३१० निघाला. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, आणि ते पुढे असतं की मागे यावर सगळा खेळ.

कारण यानंतर बघायचं ते नाकाचं वजन, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती दाब देतो ते. युरोपी पद्धतीचे हलके कॅराव्हॅन असतील तर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकी जड ट्रेलरना १० ते १५ टक्के. भाच्याच्या ट्रेलरसाठी म्हणजे ६५ ते ९० किलो. पण टो-बारवरच्या प्लेटवर लिहिलेला कमाल आकडा यापेक्षा लहान असेल तर तोच पाळायचा. घरच्या वजनाच्या काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर दांडा टेकवला की आकडा कळतो. कमी भरला तर जड सामान चाकांच्या किंचित पुढे सरकवा. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवलीत की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. हलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप पडू द्या. घाबरून जोरात ब्रेक मारला किंवा स्टिअरिंगने उलटसुलट भरपाई करायला गेलात की गाडी आणि ट्रेलर दोन्ही आडवे होतात.

जोडणं आणि सराव

जोडताना गाडीच्या हुकावरच्या बॉलचा आकार कपलरशी, म्हणजे दांड्याच्या टोकाला त्यावर बसणाऱ्या वाटीशी, जुळतो का पाहा. कपलर बसल्यावर जॅकने दांडा वर उचलून बघा. गाडीचं मागचं बूड त्याच्याबरोबर उचललं गेलं तर कुलूप बसलंय. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यावर आपटण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. ब्रेक असलेल्या ट्रेलरची ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार, गाडीला अडकवा. जॅकचं चाक वर घेतलंय ना, हे दोनदा पाहा. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.

सराव आम्ही महापे एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारात केला, रविवारी, मालकाला विचारून. रिव्हर्स हा सगळ्यात अवघड भाग. ट्रेलर उजवीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं, हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. एक युक्ती उपयोगी पडते: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर ज्या बाजूला हवा, त्या बाजूला हात सरकवा. भाच्याला दोन रविवार लागले. त्याच्या बायकोला अर्धा तास लागला, आणि हे ती प्रत्येक नातेवाइकाला सांगते.

घाटात उतरताना वरूनच खालचा गियर. कसारा घाट असो की माळशेज, ट्रेलर मागून ढकलत असतो आणि सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून हात वर करतात. घोडबंदर रोडवर लेन बदलताना आपली लांबी दुप्पट झालीय हे विसरू नका. रिक्षावाला विसरणारच आहे.

परदेशात: इथे लायसन्सच अडतं

आता उलट बाजू. ठाण्या-नवी मुंबईतल्या किती घरांत मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे, ते सांगायला नको. उन्हाळ्यात आईवडील जातात, आणि कॅराव्हॅन भाड्याने घेऊन फिरायचा बेत होतो. इथे ज्याची फिकीर नव्हती तोच प्रश्न तिथे पहिला येतो.

आपला आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, १९४९ च्या जिनिव्हा करारावर चालतो. त्या करारात गाडीचा वर्ग 'बी': चालक सोडून आठपर्यंत आसनं असलेलं प्रवासी वाहन किंवा ३,५०० किलोंपर्यंतचं मालवाहन, आणि त्यामागे फक्त हलका ट्रेलर. हलका म्हणजे ७५० किलोंपर्यंत. त्याहून जड ट्रेलर ओढायचा तर 'ई' हा वर्ग लागतो. आपल्या एलएमव्हीवर शिक्का मिळतो तो 'बी'चा. आपल्या लायसन्सवर ट्रेलरचा रकानाच नाही, तर आरटीओ 'ई'चा शिक्का कशावर मारणार? भाच्याचा १,३१० किलोंचा ट्रेलर तळोज्याहून दिवेआगरला सुखाने जातो. तोच ट्रेलर आयडीपीवर जर्मनीत अडकेल.

युरोपचा स्वतःचा हिशोब याहून थोडा मोकळा आहे. तिथल्या 'बी' लायसन्सवर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर, किंवा गाडी आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोंच्या आत असेल तर त्याहून जडही चालतो. ३,५०० ते ४,२५० किलोंच्या जोडीसाठी 'बी-९६', आणि ३,५०० किलोंपर्यंतच्या ट्रेलरसाठी 'बीई'. लक्षात घ्या, इथे काट्यावरचं वजन धरत नाहीत, कागदावरचं कमाल वजन धरतात. २,३०० किलोंची गाडी आणि १,३०० किलोंचा ट्रेलर म्हणजे ३,६०० झाले. ट्रेलर रिकामा असला तरी 'बी' पुरत नाही. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून तिथल्या गाडीच्या लायसन्सवर थेट ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर मोकळा केला, पण ती सवलत ब्रिटिश लायसन्सधारकांची; पाहुण्याने ती गृहीत धरू नये.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं आणि आकडे पौंडांत. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर १०,००० पौंडांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंचा एक ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर व्यापारी नसलेलं क्लास ए लागतं. पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या फिफ्थ व्हील प्रकाराला तिथे वेगळी मुभा आहे: १०,००० ते १५,००० पौंडांपर्यंत क्लास सीवर एक जादा नोंद घेऊन चालतं, त्यापुढे क्लास ए. तिथे राहणाऱ्या मुलाने हे वाचावं. आईवडील पाहुणे म्हणून गेले तर ते घरच्या लायसन्सवर चालवतात आणि त्या लायसन्सवर जे आहे तेवढंच. आयडीपी तिथे लायसन्स मानत नाहीत, ते नुसतं भाषांतर. मूळ कार्ड खिशात हवंच.

कॅनडात ४,६०० किलो हा आकडा पाठ करा. ब्रिटिश कोलंबियात क्लास ५ वर ४,६०० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्याहून जड राहण्याच्या ट्रेलरसाठी लायसन्सवर '०७' ही नोंद लागते. ऑन्टारियोत क्लास जीवर ओढल्या जाणाऱ्या वाहनाला ४,६०० किलोंची आणि पूर्ण जोडीला ११,००० किलोंची मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचं क्लास सी बरंच उदार आहे, पण ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक हवेत आणि २,००० किलोंवर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ब्रेकअवे हवा.

यातून पाहुण्यांसाठी मी काढलेला मार्ग सरळ आहे: ट्रेलर नको, मोटरहोम घ्या. इंजिनासकट एकच वाहन, ३,५०० किलोंच्या आतलं. ते आपल्या 'बी'मध्ये बसतं. तरी भाड्याने देणाऱ्याला ईमेलवर तीन प्रश्न विचारा आणि उत्तर छापून ठेवा: भारतीय एलएमव्ही आणि आयडीपी चालेल का, वाहनाचं कमाल वजन किती, आणि विमा या चालकाला लागू आहे का. फोनवरचं "येस, येस" पोलिसांना दाखवता येत नाही.

आयडीपी काढायची रीत

सारथीवर महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये आयडीपीचा अर्ज आहे. फॉर्म ४-ए, लायसन्स आणि पासपोर्टच्या प्रती, फोटो. फी १,००० रुपये. ज्या आरटीओच्या हद्दीत राहता तिथलाच. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणून लायसन्सला वर्षाहून कमी उरलं असेल तर आधी ते नूतनीकरण करून घ्या आणि मग आयडीपीला हात घाला. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेनंतर देशभर आयडीपीचा नमुना एकच झाला. त्यावर लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोड असतो आणि आपले वाहनवर्ग व करारातले वर्ग यांचा तुलनात्मक तक्ताही.

खिडकीवर पुस्तिका हातात मिळाली की तिथेच उघडा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, आणि 'बी'च्या चौकोनात शिक्का स्पष्ट उमटलाय का ते बघा. माझ्या मेहुण्याच्या पुस्तिकेत शिक्का दोन चौकोनांच्या मधोमध पडला होता. व्हॅन्कूव्हरच्या काउंटरवरची मुलगी बराच वेळ ते पान उजेडात धरून बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, मोटरहोम नको, साधी कार घेऊन जा.